एक वर्ष, एक सिल्व्हर प्लॅन आणि माझी दोनशेपानी वही

अमेरिकेतल्या आमच्या आरोग्य विम्याच्या सिल्व्हर प्लॅनला पाचपैकी अडीच तारे. त्यातले दीड कायद्याला, एक विमा कंपनीला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दुसऱ्या कंपनीचा प्लॅन घेतलेल्या मैत्रिणीची कथा ऐकली तर फक्त कार्डाचा रंग वेगळा निघाला.

लग्नाआधी मी बँकेत होते, क्लिअरिंगला. दिवसअखेर दोन रुपयांचा फरक राहिला तरी घरी जायचं नाही, असे ते दिवस. ती खोड अंगात मुरलेली आहे. म्हणून २०२५ साली या प्लॅनबाबत आलेला प्रत्येक कागद, केलेला प्रत्येक फोन, किती मिनिटं ताटकळले आणि शेवटी कोणता रेफरन्स नंबर मिळाला, हे सगळं एका दोनशेपानी वहीत आहे. वही संपायला अकरा पानं उरली. हा रिव्ह्यू त्या वहीतून लिहितेय.

आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. डिसेंबर २०२४ मध्ये नवऱ्याचा लेऑफ झाला आणि ३१ तारखेला नोकरीबरोबर विमाही संपला. मी डेकेअरमध्ये अर्धवेळ, तिथे विमा नाही. कंपनीकडून निरोपाचा केक नाही आला, कोब्राचं पाकीट आलं. नाव ठेवणाऱ्याला दाद द्यावी असं हे प्रकरण आहे. कोब्रा या कायद्याने जुनाच विमा साधारण दीड वर्षापर्यंत चालू ठेवता येतो, पण मालक भरत होता तो वाटाही आता तुम्हीच भरायचा, वर दोन टक्के खर्चाचे. आम्हाला सांगितलेला आकडा होता महिना २,४१२ डॉलर. तोवर पगारातून ४६० कापले जायचे, आणि मी अठरा वर्षं या समजुतीत की विमा ४६० डॉलरला येतो!

नोकरी आणि दवाखाना यांची ही गाठ मारली कुणी? दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, सरकारने पगारवाढीवर बंधन आणलं. माणसं तर हवीत. मग मालकांनी पगाराऐवजी विमा देऊ केला, पुढे १९५४ च्या करकायद्याने तो करमुक्त असल्याचं पक्कं केलं, आणि तात्पुरती सोय कायमची होऊन बसली. लेऑफच्या दिवशी माणूस पगार आणि डॉक्टर दोन्ही एकाच दारात सोडून येतो, त्याचं मूळ ते.

नोकरीतला विमा गेला की नवा घ्यायला साठ दिवस मिळतात. आम्ही राज्याच्या 'गेट कव्हर्ड एनजे' या साइटवर गेलो. या भागाबद्दल तक्रार नाही, उलट कौतुकच आहे. वय, पिन कोड, घरात माणसं किती, वर्षाचं अंदाजे उत्पन्न किती, एवढंच विचारलं. मदतीला नॅव्हिगेटर म्हणून एक बाई होत्या, फुकट. पाऊण तासात त्यांनी मला समजावलं की ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम हे डॉक्टरच्या प्रतीचे बिल्ले नाहीत, खर्चाच्या वाटणीचे आहेत. सर्वसाधारण लोकांचा एकूण खर्च धरला तर ब्राँझ त्यातले साधारण साठ टक्के उचलतो, सिल्व्हर सत्तर, गोल्ड ऐंशी, प्लॅटिनम नव्वद. तुमच्या स्वतःच्या बिलाचे सत्तर टक्के, असा त्याचा अर्थ नाही. हे वाक्य मी वहीत दोनदा अधोरेखित केलंय, कारण पुढे तिथेच ठेच लागली.

उत्पन्नानुसार मिळणारी सरकारी सबसिडी वजा जाता तिघांचा महिन्याचा हप्ता बसला ५३८ डॉलर. डिडक्टिबल माणशी २,५००. म्हणजे काही ठरावीक गोष्टी सोडल्या तर पहिले अडीच हजार तुमचेच. त्यानंतर तीस टक्के तुमचे. आणि वर्षभरात एका माणसाच्या खिशातून जास्तीत जास्त ९,२००. ही शेवटची ओळ जाहिरातीत सगळ्यात बारीक अक्षरात असते.

पहिला तारा इथेच देऊन टाकते. नवऱ्याला दहा वर्षांपासून डायबेटिस आहे. फॉर्ममध्ये त्याबद्दल एक प्रश्न नव्हता. २००९ मध्ये आम्ही ओहायोत होतो, तेव्हा आमच्या एका शेजाऱ्याने नोकरी सोडून स्वतःचं दुकान टाकलं आणि स्वतःपुरता विमा मागायला गेला. बीपी आणि शुगर दोन्ही लिहिल्यावर त्याला सरळ नकाराचं पत्र आलं. त्या काळी बहुतेक राज्यांत हे कायदेशीर होतं. २३ मार्च २०१० ला ओबामांनी आरोग्य विम्याच्या नव्या कायद्यावर सही केली आणि २०१४ पासून जुन्या आजारासाठी विमा नाकारणं किंवा जास्त हप्ता लावणं बंद झालं. २८ जुलै २०१७ च्या पहाटे सिनेटमध्ये रिपब्लिकन जॉन मॅकेन यांनी अंगठा खाली केला आणि तो कायदा मोडायचा प्रस्ताव ५१ विरुद्ध ४९ असा पडला, तेव्हा मी ढाराढूर झोपले होते. नोकरीचा विमा होता ना! आपला काय संबंध?

आता वापराबद्दल.

फेब्रुवारीत मी वार्षिक तपासणीला गेले. कायद्याने ती फुकट. डॉक्टरांनी विचारलं, बाकी काही? मी म्हटलं, जिना उतरताना गुडघा दुखतो. बस. गुडघा हा शब्द उच्चारल्याक्षणी फुकटच्या तपासणीला जोडून दुसरी भेट झाली. बिलावर दुसरा कोड, ४० डॉलर कोपे, म्हणजे भेटीमागे आपण भरायची ठरावीक रक्कम, वर एक्स-रे काढला त्याचे ११८, डिडक्टिबलमध्ये. डॉक्टर बाईंनी तपासलंही व्यवस्थित, तक्रार तिची नाही. पण डॉक्टरसमोर बसून तोंड बंद ठेवलं तर पैसे वाचतात, ही रीत मला अजून पचलेली नाही. आता फुकटच्या भेटीला जाताना घरून ठरवून जाते की काय बोलायचं नाही.

मार्चमध्ये खरी परीक्षा झाली. रात्री दोनला नवरा पोट धरून बाथरूममध्ये बसला होता, घामाने निथळत. मला वाटलं हार्ट. ९११ ला फोन केला. ॲम्ब्युलन्स सात मिनिटांत आली, ईआरमध्ये, म्हणजे इमर्जन्सी विभागात, चार तास, निदान पित्ताशयात खडे आणि सूज. दुसऱ्या दिवशी दुर्बिणीने ऑपरेशन, तिसऱ्या दिवशी घरी. डॉक्टर, नर्स, स्वच्छता, बोलणं, सगळं उत्तम. पहाटे पाचला एका नर्सने मला न मागता ब्लँकेट आणून दिलं. त्याचे तारे वेगळे असते तर पाचही दिले असते.

मग पाकिटं सुरू झाली. पहिल्या पंधरवड्यात नऊ. त्यातली काही 'हे बिल नाही' असं ठळक छापलेली. ती विमा कंपनीची, ईओबी म्हणतात. बिल नसलेल्या कागदावर तीन रकाने आकडे असतात आणि शेवटी 'तुम्हाला द्यावे लागू शकतात' अशी रक्कम. नवख्या माणसाचा हात लगेच चेकबुककडे जातो. जाऊ देऊ नका. ईओबी बाजूला ठेवायचं, हॉस्पिटलचं बिल यायची वाट बघायची, दोन्ही जुळले तरच पैसे. आमच्या बँकेत याला व्हाउचर टॅली म्हणायचे.

हॉस्पिटलने लावलेली रक्कम ६१,४८० डॉलर. विमा कंपनीशी ठरलेला दर १७,९००. मधले त्रेचाळीस हजार कुठे गेले? कुठेच नाही, ते कधी नव्हतेच. सेलच्या पाटीवर काट मारलेली किंमत असते तशी ती पहिली रक्कम. पण ज्याच्याकडे विमा नाही त्याच्या हातात पहिल्यांदा तोच काट न मारलेला कागद पडतो, आणि घासाघीस त्याने एकट्याने करायची. विम्याचा निम्मा उपयोग मला त्या दिवशी कळला. कंपनी पैसे देते ते नंतरचं, आधी ती भाव पाडून देते.

१७,९०० मधले २,५०० डिडक्टिबल, उरलेल्या १५,४०० चे तीस टक्के ४,६२०. एकूण ७,१२०. सर्जनचं बिल वेगळं, त्यातले आमचे ५७०. आणि भूल देणारे डॉक्टर! हॉस्पिटल नेटवर्कमधलं, म्हणजे कंपनीशी दर ठरलेल्यांच्या यादीतलं, सर्जनही नेटवर्कमधला, भूल देणारे मात्र बाहेरचे. त्यांच्या ऑफिसकडून २,९४० चं बिल आलं. बेशुद्ध होण्याआधी नवऱ्याने त्यांना नेटवर्क विचारायला हवं होतं की काय?

इथे अर्धा तारा कायद्याला. १ जानेवारी २०२२ पासून 'नो सरप्रायझेस ॲक्ट' लागू आहे. इमर्जन्सीत, किंवा नेटवर्कमधल्या हॉस्पिटलात असा बाहेरचा डॉक्टर वाट्याला आला, तर तुमच्याकडून नेटवर्कच्या हिशेबाएवढेच पैसे घेता येतात. बाकीचं त्याने आणि विमा कंपनीने आपसांत निस्तरायचं. मी फोन करून कायद्याचं नाव घेतलं मात्र, पलीकडची बाई तत्काळ म्हणाली, ते बिल फाडून टाका. आमच्याकडून १८० घेतले. फोन चार मिनिटांचा. मी तो केला नसता तर? बिलावर या कायद्याचं नाव कुठेच नव्हतं.

याच कायद्याला एक भोक आहे, आणि आमचा पाय नेमका त्यात गेला. हेलिकॉप्टरने नेलं तर संरक्षण आहे, रस्त्यावरून जाणारी ॲम्ब्युलन्स त्यातून वगळली आहे. आमच्या अडीच मैलांचे १,८७० डॉलर. कंपनीने ६४० दिले, उरलेले १,२३० आमच्या माथी. हा फरक ९,२०० च्या मर्यादेतही धरला जात नाही, तो कायमचा बाहेरचा. दोन पत्रं आणि तीन फोन झाल्यावर ६०० वर तडजोड झाली. तेव्हापासून नवरा म्हणतो, पुढच्या वेळी उबर बोलाव. मी म्हणते, पुढच्या वेळी मरायला टेकलास तरी ९११ लाच फोन करणार आहे, भांडेन नंतर.

कंपनीचा एक तारा कशासाठी, तेही सांगते. ऑपरेशनचा क्लेम न कटकटता निघाला. ॲप चालतं, त्यात डिडक्टिबल किती भरलं ते लगेच दिसतं. फोनवरची माणसं गोड बोलतात, सरासरी २६ मिनिटांनी का होईना. याहून जास्त काही आठवत नाही.

नेटवर्कची यादी ही मात्र निव्वळ कादंबरी आहे. आमचा प्लॅन ईपीओ, म्हणजे इमर्जन्सी सोडली तर नेटवर्कबाहेर एक दमडी मिळत नाही. जुने शुगरचे डॉक्टर यादीत नव्हते. म्हणून पंधरा मैलांतले एंडोक्रायनॉलॉजिस्ट काढले, आठ नावं. एक निवृत्त. एक फ्लोरिडाला गेलेले. दोघे नवीन पेशंट घेत नव्हते. एका नंबरवर कार्पेट साफ करणारे निघाले. एका ऑफिसने सांगितलं, आम्ही ही कंपनी घेतो पण तुमचा हा प्लॅन घेत नाही. सातव्या ठिकाणी अडीच महिन्यांनंतरची तारीख मिळाली. आठवा नंबर लागलाच नाही. प्लॅन घेण्याआधी यादीवर विश्वास न ठेवता थेट डॉक्टरच्या ऑफिसला फोन करून प्लॅनचं पूर्ण नाव वाचून दाखवा, कार्डावर आहे तसं, अक्षर न् अक्षर.

मेमध्ये कंपनीने नवऱ्याचं औषध अडवलं. चार वर्षं चालू असलेलं औषध. आधी स्वस्तातलं घेऊन बघा, ते लागू पडलं नाही तर मग हे देऊ, असं पत्र. स्टेप थेरपी म्हणतात, म्हणजे जिन्याची एकेक पायरी. आता ती पायरी नवरा २०१९ मध्येच चढून धडपडून उतरला होता, शुगर नऊच्या वर गेली होती तीन महिन्यांच्या सरासरीत. पण ते जुन्या कंपनीच्या दप्तरी. नव्या कंपनीसाठी माणूस १ जानेवारीला जन्मला.

घरात रिपोर्ट जपून ठेवायची माझी सवय पोरगी 'रद्दी' म्हणून हिणवते. त्याच रद्दीतून २०१९ चे तीन रिपोर्ट काढले, डॉक्टरांकडून एक पानाचं पत्र घेतलं, नकारपत्रात दिलेल्या कारणाला मुद्द्याला मुद्दा उत्तर लिहिलं आणि फॅक्स केला. हो, फॅक्स. अपिलाला १८० दिवस असतात, मी आठव्या दिवशी केलं. एकोणिसाव्या दिवशी मंजुरी. तोवर डॉक्टरांनी दिलेल्या सॅम्पलवर भागलं. कंपनीने पुन्हा नाही म्हटलं असतं तर बाहेरच्या स्वतंत्र परीक्षकाकडे जाता येतं आणि त्याचा निर्णय कंपनीवर बंधनकारक असतो, हेही याच २०१० च्या कायद्यामुळे. आरोग्य धोरणाचा अभ्यास करणाऱ्या केएफएफ या संस्थेने सरकारी साइटवरच्या प्लॅन्सची माहिती तपासली, तर २०२३ मध्ये नेटवर्कमधल्या क्लेमपैकी पाचात जवळजवळ एक नाकारला गेला होता, आणि नकारांपैकी शंभरात एकानेसुद्धा अपील केलं नव्हतं. मी त्या नव्व्याण्णवांना आळशी म्हणणार नाही. आजारी माणूस, दोन नोकऱ्या, इंग्रजीतलं सहा पानी पत्र. आमच्या घरात क्लिअरिंगची माजी कारकून होती म्हणून जमलं.

मुलीचं थोडक्यात. सव्वीस वर्षांपर्यंत मूल आईबापांच्या विम्यावर राहू शकतं, ही सोय छान. पण ती शिकते पिट्सबर्गला आणि आमचं नेटवर्क न्यू जर्सीच्या वेशीवर संपतं. घसा धरला, अर्जंट केअरला गेली, रोख १६५. मूल परराज्यात शिकत असेल तर हा प्लॅन तिच्यासाठी नावालाच आहे. दात आणि डोळे (म्हणजे चष्मा वगैरे) मोठ्यांसाठी यात नाहीतच, अमेरिकेत ते शरीरात मोडत नाहीत.

ऑक्टोबरच्या २१ तारखेला, औषधं, पुढच्या तपासण्या आणि एक एंडोस्कोपी धरून, नवऱ्याचे ९,२०० पूर्ण झाले. त्यानंतर त्याच्या प्रत्येक ईओबीवर शेवटच्या रकान्यात शून्य. वर्षभरात त्या कागदांकडे बघून मी हसले ते तेव्हाच. मग डोळ्यांच्या मागचा पडदा, पायाच्या नसा, जे जे डॉक्टर 'कधीतरी करून घ्या' म्हणाले होते ते सगळं ३१ डिसेंबरच्या आत उरकलं, कारण १ जानेवारीला मीटर पुन्हा शून्यावर.

वर्षाचा ताळेबंद: हप्ते ६,४५६, नवऱ्याचे ९,२००, ॲम्ब्युलन्स ६००, माझे ४१२, मुलीचे १६५. एकूण १६,८३३ डॉलर. कोब्रा घेतला असता तर नुसते हप्तेच २८,९४४. म्हणून फसवले गेलो असं मी म्हणत नाही. मी विकत घेतलं ते म्हणजे ९,२०० ची ती बारीक अक्षरातली ओळ, आणि ती ओळ कंपनीची मेहेरबानी नाही, कायद्यातली आहे. हप्त्यातल्या दर डॉलरमागे किमान ८० सेंट उपचारांवर आणि सेवेच्या दर्जावर खर्च करायचे, नाहीतर फरक ग्राहकांना परत, हेही कायद्यानेच. उरलेल्या वीस सेंटांतून ते फोनवरचं संगीत वाजत असावं.

आता २०२६. वाढीव सबसिडी २०२१ मध्ये कोविडच्या पॅकेजमधून आली, २०२२ च्या कायद्याने २०२५ अखेरपर्यंत लांबली, आणि तिथेच संपली. १ ऑक्टोबरपासून ४३ दिवस सरकारचं कामकाज ठप्प होतं ते मुख्यतः याच भांडणापायी. कामकाज सुरू झालं, सबसिडीचा प्रश्न तसाच राहिला. त्याच प्लॅनचा आमचा नवा हप्ता ७७१, खिशातून जाणाऱ्या खर्चाची माणशी कमाल मर्यादा १०,६००. शिवाय जुना कडा परत आलाय. तिघांच्या कुटुंबाचं उत्पन्न १,०६,६०० च्या वर एक डॉलर गेलं तरी केंद्राची सबसिडी शून्य. आणि २०२६ पासून जास्त घेतलेली सबसिडी करविवरण भरताना पूर्ण परत करावी लागणार, आधी उत्पन्नानुसार त्याला मर्यादा होती. नवरा सध्या कॉन्ट्रॅक्टवर आहे, त्याच्या तासांचा भरवसा नाही. परवा त्याला शनिवार-रविवारचं एक काम आलं होतं. आम्ही रात्री वही घेऊन बसलो, बेरीज केली, आणि त्याने नाही म्हणून कळवलं. आयुष्यात पहिल्यांदा या घराने पैसे नाकारले.

ब्राँझचाही विचार केला. हप्ता कमी, आणि २०२६ पासून मार्केटप्लेसवरच्या, म्हणजे अशा सरकारी साइटवरच्या, ब्राँझबरोबर करमुक्त बचतीचं एचएसए खातंही उघडता येतं. निरोगी, तिशीतल्या माणसाने तोच घ्यावा. आमच्याकडे शुगर आहे, म्हणून पुन्हा सिल्व्हर, पुन्हा हीच कंपनी. नवी कंपनी घेतली तर नवरा पुन्हा नव्याने जन्मणार, पुन्हा ती औषधाची पायरी, पुन्हा फॅक्स.

नवी कार्डं काल पोस्टाने आली. नवऱ्याच्या आडनावात एक अक्षर कमी आहे. फार्मसीत चालणार नाही म्हणून फोन लावलाय, स्पीकरवर ठेवलाय. नव्या वहीच्या पहिल्या पानावर तारीख घातली, खाली लिहिलं: होल्ड, ३१ मिनिटं, चालू.